ठासणीची बंदूक, मिरचीचा डबा आणि दोन सेकंद

अमेरिकेत येऊन दोन-तीन वर्षं झाली, गाडी घेऊन झाली, की इथल्या मराठी मंडळींना डोंगर खुणावायला लागतात. राजगड-तोरणा केलेले पाय ते, किती दिवस मॉलमध्ये फिरणार? मग जून उजाडला की व्हॉट्सअॅपवर एक नवा ग्रुप तयार होतो. यलोस्टोन की ग्लेशियर? तंबू कोणाकडे आहे? पोह्याचं सामान कोण आणणार? हे सगळं सुरळीत चाललेलं असताना हमखास कोणीतरी विचारतो, "अरे, तिकडे ग्रिझली असतात ना? मग गन वगैरे न्यायची का?" आणि संपलं! पुढचे शंभर मेसेज बोअर, कॅलिबर आणि यूट्यूबच्या लिंका. ज्यांनी आयुष्यात जत्रेतले फुगेसुद्धा नेम धरून फोडले नाहीत, ते फोर्टी-फोर मॅग्नम विरुद्ध टेन एमएम यावर तावातावानं भांडतात. :)

मला स्वतःला या वादात कॅलिबरपेक्षा त्याचा इतिहास जास्त आवडतो. कारण "जंगलात जाताना कोणतं हत्यार न्यावं?" हा प्रश्न अमेरिकेत दोनशे वर्षं जुना आहे, आणि त्याची उत्तरं लोकांनी लिहून ठेवली आहेत. ती ओळीनं वाचत गेलं की लक्षात येतं, की आपण बहुधा प्रश्नच चुकीचा विचारतो आहोत. कसा, ते सांगतो.

कॅप्टन लुईसची रिकामी रायफल

१८०३ मध्ये अमेरिकेनं फ्रान्सकडून लुइझियाना नावाचा प्रचंड मुलूख विकत घेतला. त्यात नेमकं काय आहे आणि पलीकडे पॅसिफिकपर्यंत वाट आहे का, हे बघायला राष्ट्राध्यक्ष जेफरसननं मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांना धाडलं. १८०४ ते १८०६ अशी ही मोहीम चालली. लुईस रोजनिशी लिहायचा, आणि १८०५ च्या उन्हाळ्यातली त्याची पानं म्हणजे आपल्या विषयाचा पहिला धडा आहे.

ग्रिझलीबद्दल त्यांनी स्थानिक जमातींकडून बरंच ऐकलं होतं. हे लोक अस्वलाच्या शिकारीला सहा-आठ जणांनी मिळून जायचे, आणि तरी एखादा परत यायचा नाही. २९ एप्रिल १८०५ ला लुईस आणि त्याच्या एका सोबत्यानं पहिला ग्रिझली मारला. त्या दिवशीचा लुईसचा सूर एकदम निवांत आहे. धनुष्यबाण आणि फुटकळ बंदुका घेतलेल्या लोकांना हा प्राणी भयंकर वाटणारच, पण चांगली रायफल हातात असलेल्या निष्णात नेमबाजाला त्याची एवढी भीती नाही, असा त्याचा एकूण रोख.

हा रुबाब आठवडाभरच टिकला. ५ मे ला क्लार्क आणि द्रुइयार यांनी एक मोठा नर टिपला. त्याला दहा गोळ्या लागल्या, त्यातल्या पाच फुप्फुसातून गेल्या. तरी तो नदीत अर्ध्याहून जास्त अंतर पोहून एका वाळूच्या बेटावर पोचला आणि किमान वीस मिनिटं जिवंत होता. दुसऱ्याच दिवशी लुईस लिहितो, की या प्राण्याबद्दलचं आमच्या मंडळींचं कुतूहल आता बऱ्यापैकी भागलं आहे. (हे वाक्य वाचताना मला प्रॉडक्शनवर पहिला मोठा बग बघितलेली टीम आठवते.)

१४ मे चा प्रसंग तर सिनेमात शोभेल असा. सहा चांगले शिकारी एका अस्वलाच्या चाळीस पावलांवर दबकत गेले. चौघांनी एकदम बार काढायचा आणि दोघांनी राखीव राहायचं, असं ठरलं होतं. चारही गोळ्या लागल्या. अस्वल तोंड वासून अंगावर आलं. राखीव दोघांनी झाडल्या, त्याही लागल्या. अस्वल क्षणभर थबकलं आणि पुन्हा आलं. मग काय, पळापळ! दोघांच्या मागे ते इतकं लागलं की त्यांनी बंदुका फेकून दिल्या आणि वीस फूट उंच काठावरून नदीत उड्या मारल्या. अस्वलानंही त्यांच्यामागे उडी घेतली. शेवटी काठावरच्या एकानं डोक्यात गोळी घातली, तेव्हा ते संपलं. नंतर बघितलं तर एकूण आठ गोळ्या लागलेल्या होत्या.

सगळ्यात महत्त्वाचा दिवस मात्र १४ जून. मिसूरी नदीच्या महाधबधब्यापाशी लुईस एकटाच फिरत होता. त्यानं एक गवा मारला आणि तो कोसळायची वाट बघत उभा राहिला. रायफल पुन्हा ठासायची राहून गेली. एवढ्यात मागून एक अस्वल वीस पावलांवर येऊन पोचलं! लुईसनं रायफल उचलली आणि त्याच क्षणी त्याला आठवलं, की ती रिकामी आहे. मैदान उघडं, जवळात जवळचं झाड तीनशे यार्डांवर. तो धावला, अस्वल मागे. शेवटी तो कमरेएवढ्या पाण्यात शिरला, वळला, आणि हातातला भाला त्यानं अस्वलासमोर धरला. (पायदळाच्या अधिकाऱ्यांकडे त्या काळी असा आखूड भाला असायचा.) आणि अस्वल एकाएकी फिरलं आणि पळून गेलं. का, ते लुईसलाही कळलं नाही. त्यानं एवढंच ठरवलं, की यापुढे बंदूक भरायला जेवढा वेळ लागतो त्याहून एक क्षणही ती रिकामी ठेवायची नाही.

लेटन्सी आणि थ्रूपुट

आता यातली गंमत बघा. लुईसकडे त्याच्या काळातलं उत्तम हत्यार होतं. प्रश्न हत्याराच्या ताकदीचा नव्हताच. ठासणीच्या रायफलीत दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली गोळी नळीत गजानं ठासायची, कानाशी बारीक दारू टाकायची, मग घोडा ओढायचा. सरावलेल्या माणसालासुद्धा अर्धा-एक मिनिट लागायचं. आणि ग्रिझली ताशी पंचावन्न किलोमीटरच्या आसपास धावतो, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. तीस मीटरवरच्या झुडपातून तो निघाला तर तुमच्याकडे दोन सेकंद आहेत. दोन!

आमच्या धंद्यात याला लेटन्सी म्हणतात. सर्व्हर तासाला किती लाख रिक्वेस्ट झेलतो हे थ्रूपुट, आणि पहिलं उत्तर यायला किती वेळ लागतो ही लेटन्सी. कॅलिबर हे झालं थ्रूपुट. व्हॉट्सअॅपवरचे शंभर मेसेज सगळे थ्रूपुटवर असतात. आणि जंगलात माणूस मरतो तो बहुतेक वेळा लेटन्सीनं.

बंदूक जिंकली, मग ट्रेकर आला

पुढच्या साठ-सत्तर वर्षांत बंदुकीची लेटन्सी धडाधड कमी झाली. १८३६ मध्ये कोल्टला रिव्हॉल्व्हरचं पेटंट मिळालं, मग पितळी काडतुसं आली, १८७३ ची विंचेस्टर आली. ठासणं संपलं. खटका खाली-वर केला की पुढची गोळी तयार.

परिणाम काय झाला? लुईसच्या काळात आजच्या अमेरिकेच्या मुख्य भूमीवर (म्हणजे अलास्का सोडून) अंदाजे पन्नास हजार ग्रिझली होते. गोळी, सापळा आणि विष या तिन्हींनी मिळून ते हजाराच्याही खाली आणले. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर आजही ग्रिझली आहे, पण कॅलिफोर्नियात तो १९२० च्या दशकातच संपला. १९७५ मध्ये सरकारनं त्याला संरक्षित यादीत घातलं तोवर तो यलोस्टोन, ग्लेशियर अशा मोजक्याच कोपऱ्यांत उरला होता.

म्हणजे माणूस विरुद्ध अस्वल या लढाईत बंदूक एकोणिसाव्या शतकातच जिंकली होती. हौसेनं डोंगर चढणारा, तंबू ठोकून तारे बघणारा ट्रेकर या विजयानंतर आला. तो आला तेव्हा अस्वल नॅशनल पार्कांपुरतं उरलं होतं, आणि तिथे बंदुकीला मज्जाव होता. यलोस्टोन पार्क झालं १८७२ मध्ये. सुरुवातीला तिथे शिकारही चालायची. मग १८८३ मध्ये शिकारबंदी आली, १८८६ मध्ये पार्क सांभाळायला चक्क लष्कर आलं, आणि १८९४ च्या लेसी कायद्यानं शिक्षेची तरतूद केली. १९३६ मध्ये सगळ्या नॅशनल पार्कांसाठी बंदुकांवर निर्बंध घालणारे नियम आले. यामागे अस्वलाची किंवा ट्रेकरची काळजी कमी आणि चोरट्या शिकारीची काळजी जास्त होती, हे लक्षात ठेवा.

मधल्या काळात अस्वल ही करमणूक झाली होती. यलोस्टोनमध्ये हॉटेलांचा उष्टा-खरकटा ढीग जिथे टाकायचे तिथे बाकडी मांडलेली असत, आणि पर्यटक संध्याकाळी बसून अस्वलांचं जेवण बघत. सर्कस फुकटात!

१३ ऑगस्ट १९६७

ग्लेशियर नॅशनल पार्क १९१० मध्ये झालं. पुढची सत्तावन्न वर्षं तिथे अस्वलानं एकही माणूस मारला नव्हता. १३ ऑगस्ट १९६७ च्या रात्री, काही मैलांच्या अंतरावर, दोन वेगवेगळ्या ग्रिझलींनी दोन तरुणींना मारलं. दोघीही एकोणीस वर्षांच्या, दोघीही उघड्यावर स्लीपिंग बॅगमध्ये झोपलेल्या.

चौकशीत जे बाहेर आलं ते असं, की एका ठिकाणच्या विश्रामगृहामागे रोज रात्री खरकटं टाकलं जायचं आणि पाहुण्यांना अस्वलं दाखवली जायची. दुसऱ्या ठिकाणचं अस्वल त्या उन्हाळ्यात कॅम्पवाल्यांच्या अन्नावर आधीच चटावलेलं होतं, आणि त्याच्या तक्रारीही आलेल्या होत्या. थोडक्यात काय, अस्वलांना माणूस म्हणजे जेवण हे आपणच शिकवलं होतं.

यानंतर जे बदल झाले त्यात बंदूक कुठेच नव्हती. कचऱ्याचे ढीग बंद झाले. अस्वलाला उघडता येणार नाहीत अशा कचरापेट्या आल्या. अन्न झाडावर उंच टांगायचं, तंबूपासून लांब शिजवायचं, अस्वल दिसलेल्या वाटा बंद करायच्या, असे नियम आले. यलोस्टोनचे ढीग इतक्या झटकन बंद केले गेले, की क्रेगहेड बंधू या अस्वल-अभ्यासकांनी इशारा दिल्याप्रमाणे भुकेली अस्वलं कॅम्पांत घुसली आणि बरीच मारावी लागली. पण दूरचा हिशोब बरोबर निघाला. यलोस्टोनच्या हद्दीत १८७२ पासून आजवर अस्वलांनी मारलेली माणसं आठ. बुडून मेलेली शंभराहून जास्त. (तरी पोहायला जाताना कोणी कॅलिबर विचारत नाही!)

फोर्टी-फोर मॅग्नमचा दरारा

मग व्हॉट्सअॅपवरचं ते फोर्टी-फोर मॅग्नम आलं कुठून? एल्मर कीथ नावाच्या, काउबॉय हॅट घालणाऱ्या एका बंदूकवेड्या लेखकानं वर्षानुवर्षं आग्रह धरला आणि १९५५ च्या अखेरीस स्मिथ अँड वेसननं हे रिव्हॉल्व्हर काढलं. १९७१ मध्ये क्लिंट ईस्टवुडचा 'डर्टी हॅरी' आला आणि त्याची कीर्ती घराघरात पोचली. कमरेला लावता येईल अशी, अस्वल थांबवणारी हँडगन म्हणून ती अलास्कात रुजली. २००३ मध्ये त्याच कंपनीनं पॉइंट फाइव्ह हंड्रेड मॅग्नम काढलं. पाण्यानं भरलेली बादली एका हातात धरावी तशी ती बंदूक!

अलास्कात जंगलखात्याच्या माणसांना कामासाठी रोज अस्वलांच्या मुलखात जावं लागतं. त्यामुळे तिथल्या फॉरेस्ट सर्व्हिसनं वेगवेगळ्या बंदुका कमी अंतरावरून चाचणी घेऊन तपासल्या आणि १९८३ मध्ये अहवाल छापला. निष्कर्ष साधा होता: मोठ्या रायफली वर, हँडगन खाली. पण ही चाचणी होती गोळी किती आत जाते याची. हात थरथरत असताना, पाठीवर सॅक असताना, झुडपातून काहीतरी तपकिरी अंगावर येत असताना ती गोळी सुटते का, हे कुठल्या प्रयोगशाळेत मोजणार?

मिरची!

त्याच सुमारास मोंटानातल्या मिझूला गावी एक वेगळा प्रयोग चालला होता. चार्ल्स जाँकेल या अस्वल-अभ्यासकाच्या हाताखाली कॅरी हंट ही विद्यार्थिनी, अस्वलाला इजा न करता परत कसं फिरवता येईल, हे तपासत होती. मोठे आवाज, उघडणाऱ्या छत्र्या, काय काय करून झालं. सगळ्यात प्रभावी काय ठरलं? मिरचीतलं कॅप्सेसिन. त्यातून पुढे १९८० च्या दशकात दाबाखाली भरलेला मिरचीचा फवारा बाजारात आला. आपण ज्याला बेअर स्प्रे म्हणतो तो हाच.

मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको. फोडणीत लाल मिरची जरा जास्त जळली की अख्खी चाळ खोकते! मिरची मुळात अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली आणि आपण ती घरचीच करून टाकली. तिचा हा उपयोग मात्र तिच्या माहेरीच सापडला.

पण खरी गंमत तिखटपणात नाही. बंदुकीला नेम लागतो, या डब्याला ढग लागतो. साधारण आठ-नऊ मीटरपर्यंत जाणारा लाल ढग तुमच्या आणि अस्वलाच्या मध्ये उभा राहतो, आणि अस्वल स्वतःच्या वेगानं त्यात शिरतं. म्हणजे दोन सेकंदांत करायचं काम कमी झालं. पिन काढा, दाबा. लुईसच्या प्रश्नाला १८० वर्षांनी मिळालेलं हे उत्तर म्हणजे लेटन्सीचं उत्तर आहे.

आकडे काय सांगतात

टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या अभ्यासकांनी सहकाऱ्यांबरोबर दोन शोधनिबंध लिहिले. पहिला २००८ चा, अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या स्प्रेच्या ८३ घटनांवर. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत (ग्रिझली त्यातलाच) स्प्रेनं ९२ टक्के वेळा अस्वलाला थांबवलं. जवळच्या अंतरावरच्या या घटनांत स्प्रे असलेल्या माणसांपैकी ९८ टक्क्यांना काहीही इजा झाली नाही. वारा उलटा असेल तर काय, हा नेहमीचा आक्षेप. वाऱ्याचा त्रास ७ टक्के घटनांत झाला, पण फवारा अस्वलापर्यंत पोचला.

दुसरा २०१२ चा, बंदुकांवरचा. १८८३ ते २००९ मधल्या २६९ घटना, ४४४ माणसं. हँडगन ८४ टक्के वेळा कामी आली, रायफल-शॉटगन ७६ टक्के वेळा. छोटी बंदूक पुढे! कारण बहुधा तेच, ती पटकन हातात येते. या घटनांत १५१ माणसं जखमी झाली आणि १७२ अस्वलं मेली. आणि सगळ्यात विचार करायला लावणारा मुद्दा असा, की ज्यांनी बंदूक चालवली आणि ज्यांच्याकडे असूनही चालवता आली नाही, त्यांच्या जखमी होण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. बंदूक का फसली याची कारणं वाचा: वेळ मिळाला नाही, सुरक्षा खटका निघाला नाही, गोळी अडकली, नेम चुकला, बंदूक रिकामी झाली आणि पुन्हा भरता आली नाही. लुईसनं ही यादी वाचली असती तर मान डोलावली असती.

आता एक इशारा. हे ९२ आणि ते ८४ शेजारी ठेवून "स्प्रे जिंकला" म्हणणं बरोबर नाही, आणि इंटरनेटवर तेच सर्रास केलं जातं. स्प्रेच्या आकड्यांत नुसतीच कुतूहलानं जवळ आलेली अस्वलंही आहेत; बंदुकीच्या आकड्यांत खरोखर हल्ला करणारी जास्त आहेत. शिवाय बंदुकीनं सहज निभावलं त्या घटना कोणी कळवतच नाही. दोन वेगळे डेटासेट, दोन वेगळे सँपल. आपल्या लोकांना तरी हे कळायला हवं. :)

क्रेडिट कार्ड आणि बंदूक

कायद्याची कथा याहून मजेशीर. १९८३ च्या नियमानुसार नॅशनल पार्कात बंदूक न्यायची तर रिकामी आणि बांधून ठेवलेली हवी. म्हणजे कायद्यानंच लुईसची अवस्था! बंदूकवाल्यांचा याला विरोध होता. शेवटी २००९ च्या मे महिन्यात हा नियम मोडला, आणि तोही कशातून? क्रेडिट कार्ड कंपन्यांना वेसण घालणाऱ्या विधेयकाला एका सिनेटरनं पार्कातल्या बंदुकीचं कलम जोडलं. ओबामांना कार्डाचा कायदा हवा होता, त्यांनी सही केली. २२ फेब्रुवारी २०१० पासून, ज्या राज्यात पार्क आहे त्या राज्याच्या नियमांप्रमाणे भरलेली बंदूक नेता येऊ लागली. तीन महिनेही झाले असतील-नसतील, मे २०१० मध्ये अलास्कातल्या डेनाली पार्कात एका ट्रेकरनं झुडपातून आलेल्या ग्रिझलीवर पॉइंट फोर्टी-फाइव्ह पिस्तुलानं गोळ्या झाडल्या. अस्वल मेलं. त्या पार्कात कुणा पाहुण्यानं ग्रिझली मारल्याची ही पहिलीच ज्ञात घटना. विशेष म्हणजे तिथे बंदूक बाळगणं कायदेशीर होतं, चालवणं नव्हतं.

आणि एच-वन-बी वाल्यांनो, हा परिच्छेद दोनदा वाचा. १९९८ च्या फेडरल दुरुस्तीनुसार आपल्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसानं बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हा गुन्हा आहे. राज्याचं चालू शिकारीचं लायसन असणं, असे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही. मित्राची उसनी बंदूकही याच कलमात येते. तेव्हा तंबूत कोणाच्या सॅकमध्ये काय आहे यावर कोणाचं स्टेटस अवलंबून असू शकतं. (बेअर स्प्रेलाही नियम आहे: विमानात तो चालत नाही, ना केबिनमध्ये ना चेक-इन बॅगेत. उतरल्यावर विकत घ्यावा.)

जिथे बंदूक लागतेच

इथवर वाचून बंदूक निरुपयोगी असं वाटलं असेल तर थांबा. उत्तर ध्रुवाजवळ नॉर्वेचं स्वालबार्ड आहे. तिथे गावाबाहेर पाऊल टाकायचं तर पांढऱ्या अस्वलाला हुसकावण्याचं साधन बरोबर हवंच असा कायदा आहे, आणि बंदूकही न्यावी असं प्रशासन सांगतं. पांढरं अस्वल माणसाला भक्ष्य समजून येऊ शकतं, आणि उघड्या बर्फावर ते लांबून दिसतं. म्हणजे दोन सेकंदांऐवजी दोन मिनिटं मिळतात, आणि तिथे रायफलीला अर्थ येतो. १९७३ पासून तिथलं अस्वल पूर्ण संरक्षित आहे, त्यामुळे गोळी झाडली तर चौकशी ठरलेली.

या मुलखातली माणसं कोणती बंदूक निवडतात? सगळ्यात नवी? नाही हो. ग्रीनलंडच्या डॅनिश कुत्रागाडी-गस्तीनं कित्येक दशकं १९१७ नमुन्याची बोल्ट रायफल वापरली. कॅनडाच्या उत्तरेत पहारा देणाऱ्या रेंजर्सकडे अगदी २०१८ च्या आसपासपर्यंत ली-एनफील्ड होती, म्हणजे आपल्या हवालदाराच्या खांद्यावरची थ्री-नॉट-थ्री! गोठलेल्या हवेत, हातमोज्यांतून, दरवेळी चालणारं साधं यंत्र त्यांना हवं होतं. जुना, स्थिर कोड, म्हणा ना.

पण जुनं म्हणजे आपोआप भरवशाचं असंही नाही. ऑगस्ट २०११ मध्ये स्वालबार्डला एका ब्रिटिश शालेय मोहिमेच्या तंबूंवर पहाटे पांढरं अस्वल आलं. तंबूंभोवती लावलेली धोक्याची तार वाजली नाही. जुनी माउझर रायफल होती. खटका ओढला तरी ती उडेना, न झाडलेल्या गोळ्या बाहेर पडत राहिल्या. सतरा वर्षांचा एक मुलगा गेला, चौघं जबर जखमी झाले. शेवटी त्याच रायफलीनं अस्वल मारलं गेलं. कॅलिबर भरपूर होतं. घाबरलेल्या हातांना त्या रायफलीचा खटका किती ओळखीचा आहे, हा प्रश्न होता.

मग काय न्यायचं?

स्प्रेनं सगळं सुटतं असंही मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅनडातल्या बँफ पार्कात एका अनुभवी जोडप्याला ग्रिझलीनं मारलं. त्यांच्याजवळ स्प्रेचा डबा सापडला, पूर्ण फवारलेला. अन्नही नियमाप्रमाणे टांगलेलं होतं. सगळं बरोबर करूनही हे होऊ शकतं. जंगल आहे ते.

पण दोनशे वर्षांचा हिशोब मांडला तर माझ्यापुरतं उत्तर पक्कं आहे. पाठीवरच्या सॅकमध्ये बांधलेली कुठलीही गोष्ट, मग ती पॉइंट फाइव्ह हंड्रेड असो की स्प्रे, ही लुईसची रिकामी रायफल आहे. म्हणून स्प्रे छातीवरच्या पट्ट्याला, दर माणशी एक. निघण्याआधी सरावाचा, मिरची नसलेला डबा घेऊन मैदानात प्रत्येकानं पाच-सहा वेळा तो काढून बघायचा, हसं झालं तरी चालेल. वाटेत बडबड करत जायचं, आणि मराठी ग्रुपला हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि पोह्यांचं खरकटं तंबूपासून लांब, पेटीत.

ज्यांना बंदूक न्यायचा हक्क आहे, ज्यांचा हात तिच्यावर वर्षानुवर्षं बसलेला आहे आणि जे खरोखर दूर अलास्कात जाणार आहेत, त्यांनी जरूर न्यावी. ज्याला मात्र ती विकत घेण्याचा विचार पहिल्यांदा ट्रिपच्या आठवडाभर आधी सुचतो, त्यानं ते पैसे चांगल्या तंबूवर घालवावेत. असो. या उन्हाळ्यात जाणार असाल तर कळवा, पोहे मी आणतो.